जर्मन ग्रामोत्सवातील यवसुरा : संधानकल्पनेच्या दृष्टीने एक विचार

वैद्याच्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानाच्या गल्ल्यावर अलीकडे तीन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला, "वैद्यराज, तुमच्या आसव-अरिष्टातही मद्यार्क असतोच ना, मग बिअरने काय बिघडते?" दुसरा, "बिअर जवाची असते, जव मूत्रल आहे, मग मूतखड्यावर बिअर घेतली तर चालेल ना?" आणि तिसरा, काहीशा अभिमानाने विचारलेला, "ही कारखान्यातली नव्हे, हाताने बनवलेली, नैसर्गिक बिअर आहे. ती तर औषधीच की!" पुण्या-मुंबईत व बंगळूर येथे गेल्या दीड दशकात लहान मद्यनिर्मितीगृहे निघाली, जर्मन नावांचे मेळे भरू लागले आणि या तिसऱ्या प्रश्नाला धार आली. 'मद्य वाईट' एवढ्या दोन शब्दांत उत्तर देऊन रुग्णाचे समाधान होत नाही, कारण मद्यवर्गाचे सविस्तर वर्णन आपल्याच संहितांनी केले आहे हे त्यालाही ऐकून ठाऊक असते. म्हणून ज्या परंपरेचे नाव पुढे केले जाते ती मूळ परंपरा काय आहे, तिच्यात संधानशास्त्राच्या दृष्टीने शिकण्यासारखे काय आहे आणि टाकण्यासारखे काय आहे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

त्सॉयगल : शेजाऱ्यांचा उत्सव

जर्मन बिअर-उत्सव म्हटला की म्यूनिकचा ऑक्टोबरफेस्ट आठवतो. युवराज लुडविग यांच्या विवाहानिमित्त १८१० मध्ये सुरू झालेला तो सोहळा आज प्रचंड जत्रेचे रूप पावला आहे. आमच्या विषयाला उपयुक्त आहे ती मात्र त्याहून पुष्कळ लहान, घरगुती अशी प्रथा. बव्हेरिया राज्याच्या ईशान्य भागात, चेक सीमेलगत ओबरफाल्त्स नावाचा प्रदेश आहे. तेथील विन्डिशएशेनबाख, नॉयहाउस, मिटरटाइख, फाल्केनबेर्ग आणि एस्लार्न या पाच ठिकाणी 'त्सॉयगल' ही सामुदायिक मद्यनिर्मितीची परंपरा आजही जिवंत आहे. तिचा उगम पंधराव्या शतकापर्यंत मागे जातो.

या गावांत मद्य गाळण्याचा हक्क व्यक्तीला नसून घराला होता. घर ज्याचे, हक्क त्याचा. गावाच्या मालकीचे एक सामायिक मद्यगृह असते. हक्कदार कुटुंबाने आपल्या पाळीला तेथे यावे, लाकडाच्या जाळावर मोठ्या कढईत काढा शिजवावा आणि कढईच्या वापराचे शुल्क गावाला द्यावे. त्या शुल्काला 'केसेलगेल्ट', म्हणजे कढईचे पैसे, असेच नाव आहे. शिजलेला काढा रात्रभर उथळ, पसरट भांड्यात थंड होतो. दुसऱ्या दिवशी तो कुटुंबाच्या स्वतःच्या तळघरात नेला जातो. तेथे किण्व घालून सुमारे आठवडाभर प्रमुख संधान होते आणि पुढे काही आठवडे मद्य थंडाव्यात मुरते.

मद्य तयार झाले की घराच्या दर्शनी भागी काठीला सहा कोनांचा तारा टांगला जातो. 'त्सॉयगल' हा शब्द खूण दाखवणे या अर्थाच्या जर्मन शब्दापासून आला आहे. दोन त्रिकोण एकमेकांत गुंफून हा तारा होतो. एका त्रिकोणाचे कोन म्हणजे अग्नी, जल व वायू, आणि दुसऱ्याचे कोन म्हणजे पाणी, अंकुरित धान्य व हॉप, असा अर्थ तेथे सांगतात. महाभूतांच्या भाषेत द्रव्यविचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे प्रतीक परके वाटू नये. तारा लागला की ते घर थोड्या दिवसांपुरते गावाचे होते. ओळखी-अनोळखी माणसे एकाच लांब बाकावर बसतात, साधे खाणे खातात, गप्पा करतात. पिंप संपले की तारा उतरतो आणि पाळी दुसऱ्या घराकडे जाते. २०१८ मध्ये या परंपरेची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या प्रथेत मद्याला आपोआप चार मर्यादा पडतात : ते ठरावीक काळीच मिळते, ठरावीक प्रमाणातच तयार होते, अन्नासह घेतले जाते आणि शेजाऱ्यांच्या नजरेसमोर घेतले जाते. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या मदात्यय अध्यायात विधी, मात्रा, काल, हितकर अन्न आणि पिणाऱ्याचे बल यांची जी अट मद्यपानाला घातली आहे, तिचीच ही लौकिक आवृत्ती म्हणता येईल. मद्य आणि मेळा उचलून आणताना या मर्यादा मात्र सहसा मागे राहतात.

आसव की अरिष्ट?

आता निर्माणप्रक्रियेकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात धान्य, फल, मूल, सार, पुष्प, काण्ड, पत्र, त्वक् आणि शर्करा अशा नऊ योनींपासून होणारे ८४ आसव सांगितले आहेत. त्यांपैकी धान्यासव सहा : सुरा, सौवीर, तुषोदक, मैरेय, मेदक आणि धान्याम्ल. बिअर ही उघडच धान्ययोनी, त्यातही यवयोनी आहे. यवसुरेचा उल्लेख अष्टांगहृदयाच्या द्रवद्रव्यविज्ञानीय अध्यायात स्वतंत्रपणे येतो आणि तेथे तिला विष्टंभकारक, गुरू, रूक्ष व त्रिदोषकारक म्हटले आहे. 'जवाची म्हणून हितकर' या लोकसमजुतीला वाग्भटांनी इतक्या पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. यव हे द्रव्य आणि यवसुरा हा कल्प, या दोहोंचे गुण एक मानण्याची चूक आपण तरी करू नये.

कल्पनेच्या दृष्टीने पाहता एक मनोरंजक गोष्ट दिसते. शार्ङ्गधराचार्यांच्या व्याख्येप्रमाणे अपक्व औषधी व जल यांपासून सिद्ध होते ते आसव आणि क्वाथापासून सिद्ध होते ते अरिष्ट. बिअरमध्ये अंकुरित यवाचा अर्क हॉपसह साधारण तास-दीड तास उकळतात आणि नंतर संधानास ठेवतात. म्हणजे प्रक्रियेच्या निकषावर ती अरिष्टकल्पनेच्या जवळची आहे. भेद शर्करेच्या उगमात आहे. आपल्या अरिष्टात गूळ, साखर किंवा मध बाहेरून घालावा लागतो. तेथे मात्र जव भिजवून मोड आणतात, मग वाळवून भरडतात आणि साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात ठेवतात. मोड येताना धान्यात उत्पन्न झालेले पाचक घटक पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. मोड आलेल्या धान्याचा सुरेसाठी उपयोग आपल्याकडेही अज्ञात नव्हता. वैदिक सौत्रामणी यागातील सुरेच्या साहित्यात 'तोक्म' म्हणजे अंकुरित यव येतो आणि 'नग्नहू' हे किण्वद्रव्यही येते.

हॉप आणि त्यापूर्वीच्या वनस्पती

वैद्याच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत महत्त्वाचे द्रव्य म्हणजे हॉप. ही वेल भांगेच्याच कुलातील असून तिच्या स्त्रीपुष्पांच्या शंकूसारख्या गुच्छांत पिवळ्या रंगाची राळयुक्त ग्रंथी असतात. चव स्पष्टपणे तिक्त. उकळताना यातील 'अल्फा आम्ले' रूपांतरित होऊन कडूपणा येतो आणि त्याच घटकांमुळे मद्य नासवणाऱ्या बऱ्याच जीवाणूंची वाढ रोखली जाते. बाराव्या शतकातील जर्मन साध्वी व वैद्यकलेखिका बिंगेनची हिल्डेगार्ड हिने या दोन्ही बाजू नोंदवून ठेवल्या आहेत : हॉप पेयाला टिकवतो, परंतु मनाला खिन्न करतो. आधुनिक काळात जर्मनीच्या औषधी वनस्पतींसाठी नेमलेल्या 'कमिशन ई'ने अस्वस्थता व निद्राविकारांत हॉपच्या उपयोगास मान्यता दिली. युरोपीय औषध संस्थेनेही सौम्य मानसिक ताण व निद्रानाश यांत त्याचा पारंपरिक उपयोग मान्य केला आहे. हॉपमध्ये स्त्रीसंप्रेरकासारखे कार्य करणारा एक प्रभावी वनस्पतिज घटकही आढळतो. हे सारे गुण शुष्क पुष्पांच्या औषधी वापराचे आहेत, बिअरचे नव्हेत. निद्रेसाठी बिअर घेणारा रुग्ण आरंभी लवकर झोपतो खरा, पण मद्यार्कामुळे उत्तररात्रीची झोप खंडित होते, हे त्याला सांगावयास हवे.

हॉप सार्वत्रिक होण्यापूर्वी युरोपात 'ग्रुट' नावाचे वनस्पतिमिश्रण मद्यात घालीत. त्यात दलदलीतील सुगंधी मर्टल, बिरंजासिफ या नावाने युनानी वैद्यकात परिचित असलेली अकिलिया आणि इतर वनौषधी असत. काही ठिकाणी मदकारी गुण वाढवण्यासाठी बिल्झेनक्राउट घातले जाई. हे नाव अपरिचित वाटले तरी द्रव्य आपल्या परिचयाचे आहे. ते म्हणजे पारसीक यवानी, अर्थात खुरासानी ओवा. त्यातील विषारी क्षारांचे कार्य जाणणाऱ्या वैद्यास अशा मद्याचे परिणाम सांगण्याची गरज नाही.

२३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे बव्हेरियाचे ड्यूक चौथा विल्हेल्म व दहावा लुडविग यांनी जो हुकूम काढला, त्यात बिअरसाठी यव, हॉप आणि जल एवढीच तीन द्रव्ये मान्य केली. पुढे 'शुद्धतेचा नियम' म्हणून हा हुकूम प्रसिद्धीस आला. त्याचा बराचसा भाग वस्तुतः भावनियंत्रणाचा आहे : हिवाळी काळात एका मापाला एक फेनिग आणि उन्हाळी काळात फार तर दोन. गहू व राय ही धान्ये भाकरीसाठी राखून ठेवणे हाही त्याचा परिणाम होता. तरीही द्रव्यांची यादी बांधून दिल्याने मनमानी भेसळीस आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. त्या यादीत किण्वाचा उल्लेख नाही हेही लक्षणीय आहे. किण्वाचे सजीव स्वरूप एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाले. पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ चा, आणि कोपनहेगन येथे एमिल हान्सेन यांनी शुद्ध किण्व वेगळे करून वापरात आणले ते १८८३ मध्ये.

ऋतू आणि संधान

फार्मसीचालकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग पुढचा आहे. १५५३ मध्ये बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर गाळण्यास बंदी झाली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या थंडीच्या काळातच काम करावयाचे, असा नियम होता. कारण उघड आहे. उष्ण हवेत संधान उसळते, अनिष्ट जीवाणू शिरतात आणि मद्याचे शुक्त होते. उन्हाळ्यासाठीचा साठा टिकवावा म्हणून टेकड्यांत खोल तळघरे खोदली गेली. वर सावलीसाठी दाट पानांची चेस्टनटची झाडे लावली गेली. लोक तेथेच येऊन पिऊ लागले, तेव्हा गावातील खाणावळवाल्यांनी तक्रार केली. शेवटी १८१२ मध्ये राजा पहिला मॅक्सिमिलियन याने तळघरांवर बिअर विकण्यास परवानगी दिली, पण भाकरीखेरीज खाद्य विकण्यास मनाई केली. म्हणून लोक घरून शिदोरी आणू लागले. बव्हेरियातील बिअर-उद्यानात स्वतःची शिदोरी नेण्याची रीत आजही आहे. तिच्या मुळाशी ही दोन कारणे, संधानाचे तापमान आणि व्यापारातील तडजोड, एकत्र आलेली दिसतात.

आपल्याकडे संधानपात्र धान्यराशीत किंवा भूमीत पुरण्याचा जो विधी आहे, त्याचा हेतू हाच : तापमान स्थिर ठेवणे. संधानाचा कालही ऋतुपरत्वे भिन्न सांगितला आहे. परंतु पत्र्याच्या छपराखाली वैशाखात अरिष्टे लावणारी एखादी फार्मसी जेव्हा 'धायटीची फुले चांगली मिळाली नाहीत' असे म्हणते, तेव्हा दोष बहुधा फुलांचा नसून उष्णतेचा व झाकणाचा असतो. धायटीच्या फुलांबरोबर किण्व येते, पण त्याची मात्रा प्रत्येक खेपेस सारखी नसते. त्यात उष्णता वाढली आणि वायूचा प्रवेश झाला की अरिष्ट आंबते. त्सॉयगलच्या कुटुंबाकडून घेण्यासारखे चार नियम आम्हांस दिसतात. क्वाथ झाल्यावर तो योग्य तापमानापर्यंत निववूनच किण्व घालावे. भांडी कटाक्षाने स्वच्छ ठेवावीत. आरंभीचे व अखेरचे घनत्व घनतामापकाने मोजून खेपेच्या वहीत लिहावे. आणि संधान संपल्यावर मुरण्यास पुरेसा काल द्यावा. पात्राला कान लावून नाद ऐकणे व जळती काडी धरणे या पारंपरिक परीक्षा सोडाव्यात असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या जोडीला वहीतील दोन आकडे असावेत, एवढेच.

उत्सवातील आहार

त्सॉयगलच्या घरी मिळणारे खाणे साधे असते : रायच्या पिठाची आंबवलेली भाकरी, डुकराच्या मांसाचे थंड व धुरावलेले प्रकार, यकृताचे सॉसेज, मीठ लावलेला मुळा, मोहरीची चटणी, आंबवलेली कोबी. सारा आहार गुरू व स्निग्ध, म्हणजे दीर्घ हिवाळ्याच्या थंड प्रदेशाचा. हेमंतात अग्नी बलवान असतो आणि गुरू आहार पेलतो, या ऋतुचर्येतील सिद्धान्ताशी तो सुसंगत आहे.

त्यातील मसाले मात्र अधिक बोलके आहेत. भाकरीत व मांसात कारावे, म्हणजे आपले कृष्णजीरक. भाकरीच्या मसाल्यात त्याच्या जोडीला बडीशेप व धणे. आंबवलेल्या कोबीत जुनिपरची फळे, म्हणजेच हपुषा. तोंडी लावण्यास राजिका आणि तीक्ष्ण मुळे. हपुषा, जीरक, मिशी, धान्यक ही यादी एखाद्या दीपन-पाचन चूर्णाच्या पाठातील वाटावी अशी आहे. गुरू आहाराला पाचक द्रव्यांची जोड देण्याचे शहाणपण लोकव्यवहारातून दोन्हीकडे स्वतंत्रपणे उत्पन्न झाले. आंबवलेली कोबी हा मिठाच्या पाण्यात होणारा अम्ल संधानाचा प्रकार असून तो संहितोक्त 'आसुत' कल्पनेशी मिळताजुळता आहे.

हाच आहार व हेच पेय चैत्र-वैशाखात पुण्याच्या एखाद्या मैदानावर घेतले तर काय होईल? ग्रीष्मात मद्य घेऊ नये, आणि घ्यावेच लागले तर अत्यल्प किंवा पुष्कळ पाणी मिसळून घ्यावे, असे वाग्भट सांगतात. देश बदलला, काल बदलला, अग्नी बदलला. पदार्थ तेवढा तोच राहिला. परंपरा जशीच्या तशी उचलता येत नाही, ती याच कारणाने.

रुग्णास काय सांगावे?

आता आरंभीच्या तीन प्रश्नांकडे येऊ.

*पहिला प्रश्न, मद्यार्काच्या तुलनेचा.* येथे हिशेब मांडून दाखवावा. अर्धा लिटर बिअरमध्ये ५ टक्के मद्यार्क धरला तर तो २५ मिलि, म्हणजे सुमारे २० ग्रॅम होतो. ८ टक्के स्वयंजनित मद्यार्काचे अरिष्ट २० मिलि मात्रेत दिवसातून दोनदा घेतले तर मद्यार्क ३.२ मिलि, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम होतो. तोही समभाग पाण्यासह, भोजनोत्तर आणि ठरावीक काळापुरता. टक्केवारी अरिष्टाची अधिक, पण मात्रा आठव्या हिश्श्याएवढी. कल्प औषध ठरतो तो मात्रा व प्रयोजन यांमुळे.

परंतु हाच हिशेब आपल्यालाही बांधून घेतो. मद्यव्यसनातून नुकताच बाहेर पडलेला रुग्ण, विशेषतः डायसल्फिराम घेणारा, यकृतविकाराचा रुग्ण आणि गर्भिणी यांना आसव-अरिष्ट देताना 'मद्यार्क थोडाच आहे' असे म्हणून चालणार नाही. त्यांच्यासाठी क्वाथ, चूर्ण किंवा घनवटी योजावी. मधुमेहींच्या बाबतीत शर्करेचाही विचार व्हावा. आणि कोणी ग्राहक एखाद्या आसवाच्या बाटल्यांमागून बाटल्या नेत असेल, तर दुकानदाराने त्याची विचारपूस करावी. आपल्या कल्पांची प्रतिष्ठा त्यावर अवलंबून आहे.

*दुसरा प्रश्न, अश्मरीचा.* बिअर पिणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण कमी आढळल्याचे काही निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, हे प्रामाणिकपणे सांगावे. परंतु मूत्राचे प्रमाण वाढवण्याचे काम पाणी निर्धोकपणे करते. मद्यार्क मूत्र वाढवतो तो शरीरातील जलधारक संप्रेरकाला दाबून, आणि पुढे तृष्णा व शोष उत्पन्न करतो. शिवाय बिअरमधील प्युरिन घटकांमुळे यूरिक आम्ल वाढते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात ४७,१५० पुरुषांचा १२ वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वातरक्तसदृश गाउट विकाराचा धोका सर्व मद्यांत बिअरने सर्वाधिक वाढलेला दिसला. अश्मरीसाठी वरुण, गोक्षुर, पाषाणभेद आणि भरपूर पाणी हाती असताना वातरक्ताला आमंत्रण का द्यावे?

*तिसरा प्रश्न, हस्तनिर्मित व नैसर्गिक असण्याचा.* हाताने बनवल्याने, लाकडावर शिजवल्याने किंवा किण्व न गाळल्याने मद्यार्काचा स्वभाव बदलत नाही. मद्याचे लघू, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुग, रूक्ष, विकासी व विशद हे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत, हे चरकाचार्यांचे विवेचन त्सॉयगललाही तेवढेच लागू आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले.

समारोप

एका परक्या प्रदेशातील लहान गावांनी मद्यनिर्मितीला हक्क, पाळी, ऋतू आणि शेजार यांच्या चौकटीत बसवले आणि ती चौकट शतकानुशतके जपली, याविषयी आम्हांस आदर वाटतो. त्यांच्या संधानातील शिस्त, ऋतूचे भान आणि गुरू आहाराला दिलेली पाचक द्रव्यांची जोड यांतून आपल्या फार्मसीला व चिकित्सेला घेण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र त्या परंपरेच्या नावावर बिअरला औषधाचे प्रमाणपत्र देणे हे त्या गावांच्या रीतीला धरून नाही आणि आपल्या संहितांनाही धरून नाही. तेथेसुद्धा पिंप रिकामे झाले की तारा खाली उतरतो. रुग्णाने पुढच्या खेपेस हा विषय काढला, तर वैद्यबंधू-भगिनींनी त्याला या उतरणाऱ्या ताऱ्याची गोष्ट सांगावी आणि अरिष्टाच्या बाटलीवरील मात्रा पुन्हा एकदा नीट समजावून द्यावी.